दुरुस्तीसाठी बंद

रोझविटा कालूझाच्या पत्राला हार्टमुट ब्रेंडेलने अठ्ठावीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ते हरवलं नव्हतं. शेवाळांवरच्या एका जाडजूड पुस्तकात ते नीट घडी करून ठेवलेलं होतं. हाल्मरोडेच्या नगरवाचनालयात आयुष्य घालवल्यावर कुठलं पुस्तक कोणी कधीच उघडणार नाही, हे हार्टमुटला पक्कं ठाऊक झालं होतं. पुढे वाचनालयाने ते पुस्तक रद्दीत काढलं आणि निवृत्तीच्या दिवशी त्याने ते घरी आणलं, पत्रासकट.

१९८७ साली गावच्या हॉलला पंच्याहत्तर वर्षं झाली, तेव्हा नगरपालिकेने एक पुस्तिका काढली होती. ती लिहायचं काम हार्टमुटच्या गळ्यात पडलं. तो वाचनालयात होता, त्याचे दिवंगत वडील हॉलची देखभाल करायचे आणि तो नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. नेमबाज मंडळाने १९१२ साली हॉल कसा बांधला, पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिक कसे ठेवले, मग मुष्टियुद्ध, गायनमंडळं, सशांची प्रदर्शनं, कार्निव्हल, रक्तदान, सगळं त्यात होतं. स्वस्तिकाच्या लाल झेंड्यांची बारा वर्षं त्याने एका परिच्छेदात उरकली होती. आणि १९४६ ते १९५० या चार वर्षांवर एकच वाक्य होतं: ‘युद्धानंतर काही काळ सभागृह दुरुस्तीसाठी बंद होते.’

ती पुस्तिका ब्रेमरहाफेनला रोझविटाच्या हाती कशी पडली कोण जाणे. महिन्याभरात पत्र आलं.

‘आदरणीय श्री. ब्रेंडेल,’ तिने लिहिलं होतं, ‘तुमच्या पुस्तिकेत एकतिसाव्या पानावर हॉल दुरुस्तीसाठी बंद होता असं आहे. त्या दुरुस्तीत मी चार वर्षं राहिले. मी, आई, आजी, धाकटा भाऊ आणि आणखी अडतीस कुटुंबं. भाऊ तिथेच गेला, हे तुम्हाला आठवत असेल. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदलता आलं तर बघा.

‘दुसरी गोष्ट खासगी आहे. नाचाच्या समारंभात जे झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे वडील आमच्या बराकीत आले होते. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, मला माफ करा. कशाबद्दल, ते बोलले नाहीत. तळघराची किल्ली त्यांच्याकडे असायची. म्हणून विचारते: पावडरचा तो डबा त्यांनी दिला होता का? आम्ही हॉलमध्ये होतो तेव्हा माझ्या आजीसाठी रोज सकाळी गरम पाण्याची बादली आणून ठेवणारा तो एकच माणूस होता. त्या बादलीबद्दल आता काय समजायचं, ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.’

हार्टमुटला माहीत होतं. त्याने त्याच आठवड्यात उत्तर लिहायला घेतलं, ‘आदरणीय श्रीमती’ या शब्दांवर अडला, मग ‘प्रिय रोझविटा’ लिहून पाहिलं, तेही धाडस वाटलं, आणि कागद फाडून टाकला. पुढच्या आठवड्यात लिहू म्हणाला. हातून वेळ निसटला असं नंतर तो स्वतःला सांगत असे, पण वेळ निसटला नव्हता. त्याने तो ढकलला होता.

२०१५ च्या ऑक्टोबरात, एका संध्याकाळी, धाकटी बहीण गेर्डा ब्रेडवर यकृताचं सॉसेज फासता फासता म्हणाली, “डीटमार फोसचा फोन येऊन गेला. बुधवारी हॉलमध्ये सभा आहे. तू बोलायचंस म्हणतोय.”

“मी?”

“नाहीतर काय मी? पुस्तिका मी लिहिली होती?” नवरा गेल्यापासून गेर्डा त्याच्याकडेच राहत होती आणि त्याच्या बुजरेपणावर तिचा जराही विश्वास नव्हता. “चौसष्ट पानं लिहिणाऱ्याला दहा मिनिटं बोलता येत नाही होय? आणि ती काकडी संपव. परवापासून तशीच पडलीये.”

सभा कशासाठी होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. सीरियाहून आणि आणखी कुठून कुठून आलेली एकशे वीस माणसं हिवाळाभर हॉलमध्ये ठेवायची, असं जिल्ह्याने कळवलं होतं. कार्निव्हल मंडळाच्या कार्यक्रमांवर पाणी पडणार होतं. डीटमार फोस म्हणजे फर्निचरच्या दुकानाचा म्हातारा मालक आणि तीस वर्षं मंडळाचा अध्यक्ष. त्याने सह्यांची मोहीम काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या दारावर चिकटवलेलं निवेदन हार्टमुटने वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात त्याचं नाव होतं. ‘हॉलचे इतिहासकार श्री. हार्टमुट ब्रेंडेल यांच्या अधिकृत पुस्तिकेनुसार या वास्तूत एकशे तीन वर्षांत कधीही कोणाच्या निवासाची सोय करण्यात आलेली नाही.’ खाली दोन पानं सह्या.

त्याने ते दोनदा वाचलं. तोंडात एकदम पाकिटाचा गोंद चाटल्यासारखी चव आली. त्याचं एक भित्रं, मिळमिळीत वाक्य कुठेतरी जाऊन पोसलं गेलं होतं आणि आता भरदार होऊन दारात उभं होतं.

“हार्टी!” डीटमार बेकरीतून बाहेर येत होता. हातात पाव, अंगावर महागडा कोट, ऐंशीव्या वर्षीही गाल लाल. “वाचलंस? तुझं नाव जाड अक्षरांत टाकलंय बघ.”

“हे मी लिहिलेलं नाही, डीटमार.”

“मग काय लिहिलंयस? बंद होता म्हणालास ना? बंद हॉलमध्ये कोणी राहतं का?”

“तू स्वतः पाहिलंयस. तू आणि मी दोघांनी.”

“मी काय पाहिलं ते कोणी विचारत नाहीये.” डीटमारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड आणि ऊबदार होता, पावाच्या वासाचा. “हे बघ, तू काही खोटं बोलू नकोस. तुला खोटं बोलायला जमतही नाही, लगेच कान लाल होतात. तू फक्त झुंबराबद्दल बोल, रंगमंचाबद्दल बोल. आणि जमिनीवर जोर दे. ओकची जमीन! लोक जमिनीबाबत फार हळवे आहेत.”

लोक खरंच जमिनीबाबत हळवे होते. हाल्मरोडेच्या हॉलची लाकडी जमीन सगळ्या जिल्ह्यात नावाजलेली. दारावर हार्टमुटच्या वडिलांच्या हातची पाटी होती: ‘बाहेरचे बूट पुसल्याशिवाय जमिनीवर येऊ नये.’ ती पाटी १९३० सालापासून कोणी हलवली नव्हती. तिच्यासमोरून सगळ्या प्रकारचे बूट आत गेले होते.

रंगमंचामागच्या दोन खोल्यांत हार्टमुट लहानाचा मोठा झाला. तो अकरा वर्षांचा असताना, सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, युद्धानंतर परक्या देशात गेलेल्या सायलेशियातून हाकलून दिलेली जर्मन माणसं मालगाडीने आली. हॉलच्या दाराशी त्यांची रांग लागली. उवा मारायची पांढरी पावडर फवारल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. वडील हाताने फवारणीचा पंप चालवत आणि हार्टमुट डबा धरून उभा असे. कॉलरमध्ये एक फवारा, बाह्यांत एक, केसांत एक. रोझविटाची पाळी आली तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले होते. पावडर तिच्या पापण्यांवर बसली. ती शिंकली नाही. बाकी सगळे शिंकत होते.

आत दोऱ्या बांधून घोंगड्या टांगल्या. प्रत्येक कुटुंबाला एक चौकोन. कालूझांचा चौकोन तिसऱ्या खांबाशी होता, खिडकीखाली. कोबी, ओली लोकर, फिनेल आणि बादल्या, असा एक वास हॉलला लागला. गावातल्या बायका फुटपाथ सोडून पलीकडून जायच्या. शाळेत डीटमार नाक दाबून बोलायचा, आणि मुलं हसायची, आणि हार्टमुटही हसायचा, कारण त्या वासात तो स्वतः झोपत होता आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये असं त्याला वाटे.

सत्तेचाळीसच्या कडाक्याच्या फेब्रुवारीत रोझविटाचा भाऊ गेला. तीन वर्षांचा. लाकूड कुठेच मिळत नव्हतं. वडिलांनी जुन्या नाटकाचा जंगलाचा देखावा फोडला आणि त्या फळ्यांची पेटी केली. रंगवलेली पानं आतल्या बाजूला घेतली. हार्टमुटने खिळे धरले होते. त्यानंतरच वडील रोज सकाळी गरम पाण्याची बादली तिसऱ्या खांबाशी नेऊ लागले. काही न बोलता ठेवायचे आणि परत यायचे.

पन्नास साली त्या कुटुंबांना वीटभट्टीजवळच्या बराकींत हलवलं. वडिलांनी चार आठवडे जमिनीवर रंधा मारला, मग मेण लावलं, मग पुन्हा मेण. आणि पुढच्या शरद ऋतूत जिल्ह्याच्या गावाहून नाचाच्या बाई आल्या आणि शिकवणी सुरू झाली. मुलगे एका भिंतीशी, मुली दुसऱ्या. रोझविटाही यायची. कुठूनतरी मिळालेला निळा झगा, आणि काळे बूट. हार्टमुटला ती आवडायची. तिच्याबरोबर नाचून झाल्यावर हात रुमालाला न पुसणारा तो एकटाच होता, आणि ते डीटमारने पाहिलं होतं.

शेवटच्या समारंभात एकदा मुलींची निवड असते. बाई टाळी वाजवतात, मुली उठतात, जमीन ओलांडून जातात आणि हव्या त्या मुलापुढे उभ्या राहतात. मुलाने उठायचं, वाकायचं आणि हात पुढे करायचा. नाही म्हणायची रीत नाही. आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं.

“उवांची राणी तुझ्याकडे येणार,” डीटमार कोटखुंट्यांशी त्याच्या कानात म्हणाला. “सगळ्यांसमोर. तुझ्या आईलापण दिसेल.”

“काहीतरीच काय.”

“तळघरात तो डबा असेल ना रे अजून? गंमत करू. तू काही करू नकोस. आणून दे फक्त.”

किल्ली कुठे टांगलेली असते ते हार्टमुटला माहीत होतं. कोणी त्याचा हात पिरगाळला नव्हता, कोणी धमकी दिली नव्हती. तो स्वतःच्या पायांनी खाली गेला, स्वतःच्या हातांनी डबा काढला, वर आणला, आणि एवढ्यावर न थांबता, सोळाव्या वर्षी एकदा तरी आपल्या बोलण्याला मुलं हसावीत म्हणून, त्याने सांगितलं, “तिसऱ्या खांबाशी टाका. तिचं घर तिथंच होतं.”

ती पाणी प्यायला गेली होती तेवढ्यात त्यांनी पावडर तिसऱ्या खांबाशी असलेल्या तिच्या खुर्चीखाली पसरली.

बाईंनी टाळी वाजवली. रोझविटा उठली आणि सरळ चालत आली. तिने खाली पाहिलं नाही. गडद, चकचकीत जमिनीवर तिच्यामागे एकेक पांढरं पाऊल उमटत आलं. आधी कुजबुज, मग शांतता, मग एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि भिंतीभिंतीने पसरलं. आईबाप हसले, वाजवणारे हसले, बाईंनी तोंडावर रुमाल धरला. ती हार्टमुटपुढे येऊन थांबली. म्हणाली, “हार्टमुट, माझ्याबरोबर?”

तो उठला नाही. बसल्या जागी, तिच्या पोटाशी कुठेतरी बघत तो म्हणाला, “बूट पुसून ये.”

मग तिने मागे वळून पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. वाकून बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांनी, भिंतीच्या कडेकडेने, बाहेर गेली. जमीन आणखी खराब होऊ नये म्हणून. चार वर्षं त्या जमिनीवर राहिलेल्या मुलीला जमिनीची एवढी काळजी होती.

वडील ओलं फडकं घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून एकेक पाऊल पुसत खुर्चीपर्यंत गेले. पडद्यामागचा डबा त्यांनी उचलला. हार्टमुटकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर तेवीस वर्षं ते जगले, पण त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते बराकीत जाऊन आले होते, हे हार्टमुटला कळलं ते रोझविटाच्या पत्रातून. त्याची चूक त्यांनी टोपीत धरून नेली होती. आणि पत्र वाचूनही, वडिलांच्या नावावर ती तशीच राहू देऊन, हार्टमुट वाचनालयात शेवाळांचं पुस्तक मिटून बसला होता.

बुधवारी संध्याकाळी सहाला हॉल भरला होता. दाराशी निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खोकी ठेवली होती. नगरपालिकेने दोन वर्षांपूर्वी जमिनीला नवं पॉलिश केल्यापासून ती रीत होती. बुटांवर त्या चढवल्याशिवाय आत जायचं नाही. तीनशे माणसं पायांत निळ्या पिशव्या घालून बसली होती आणि कोणी हललं की हॉलभर चुरचुर व्हायची. गेर्डा वाकून पिशवी चढवताना पुटपुटली, “आपण सगळे मच्छीबाजारात आल्यासारखे दिसतोय.”

नगराध्यक्षा बाईंनी प्रास्ताविक केलं. मग हात वर होऊ लागले.

“शौचालयं सहाच आहेत. एकशे वीस माणसं आणि सहा!”

“रोगराईचं काय? तपासणी होणार का? पूर्वी कशी पावडर मारायचे, तसं काही असतं का हल्ली?”

“माझी नात दोन वर्षं कार्निव्हलच्या पथकात मेहनत करतेय. तिला मी काय सांगू?”

“मी काही त्या लोकांच्या विरोधात नाही,” श्रीमती शिमिक उठून म्हणाल्या, “पण प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. आणि जमीन! त्यांना काय कळणार हो ओक म्हणजे काय?”

श्रीमती शिमिक यांच्या सासूबाई चार वर्षं पाचव्या खांबाशी घोंगडीआड राहिल्या होत्या. हार्टमुटला त्यांचा खोकलासुद्धा आठवत होता. श्रीमती शिमिक मात्र पाचव्या खांबाला पाठ टेकून टाळ्या घेत होत्या. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. गोळीने मळमळ गेली नाही, ती गोड झाली फक्त.

“आता आपले इतिहासकार,” डीटमार रंगमंचावरून म्हणाला. “लाजू नकोस हार्टी, ये वर.”

हार्टमुट वर गेला. पिशव्या चुरचुरल्या. हातातल्या कागदावर झुंबराबद्दल दीड पान होतं. पहिलं वाक्य त्याने वाचलं, ते कोणाला ऐकू गेलं नाही. कोणीतरी मागून “मोठ्यानं!” म्हणालं. त्याने कागदाची घडी केली.

“मी लिहिलं होतं की हॉल दुरुस्तीसाठी बंद होता,” तो म्हणाला. “ते खोटं आहे. बंद नव्हता. इथे चार वर्षं एकोणचाळीस कुटुंबं राहत होती. तिथे, तिथे, आणि त्या खांबाशी. सायलेशियातून आलेली. इथे बसलेल्या पुष्कळांचे आईवडील.”

पिशव्यांची चुरचुर थांबली. श्रीमती शिमिक यांनी पर्स उघडून त्यात बघायला सुरुवात केली. क्षणभर हार्टमुटला वाटलं, पोचलं.

मग पुढच्या रांगेतून एकाने विचारलं, “आणि जमिनीचं काय झालं तेव्हा?”

“जमीन?” हार्टमुट गोंधळला. समोरासमोर कोणी प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायची त्याला सवय होती, ती नेमकी नको तिथे उपटली. “जमीन खराब झाली होती. वडिलांनी चार आठवडे रंधा मारला.”

“ऐका!” तो माणूस उठून उभाच राहिला. “चार आठवडे! आणि ती आपली माणसं होती!”

टाळ्या पडल्या. भरघोस. आजच्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त टाळ्या हार्टमुट ब्रेंडेलला मिळाल्या. डीटमारने हसून अंगठा वर केला.

हार्टमुट खाली उतरला नाही.

“आणखी एक आहे,” तो म्हणाला. “एक्कावन्न साली नाचाच्या समारंभात एका मुलीच्या खुर्चीखाली उवांची पावडर टाकली होती. ती त्या खांबाशी राहिली होती. तिचा भाऊ तिथे मेला होता. डबा तळघरातून मी आणला. माझ्या वडिलांनी दिला नव्हता. त्यांना माहीत नव्हतं. मी आणला, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला बूट पुसून ये म्हणालो.”

“अरे हो!” डीटमार माईकमध्ये खदखदला. “ती पावलं! आठवतंय! अरे, सोळा वर्षांची पोरं होतो आम्ही! काय मनाला लावून घेतलंयस, हार्टी?”

आणि हॉल हसला. वाईट हेतूने नाही. म्हाताऱ्याची गंमत वाटून, जरा हायसं वाटून, पिशव्या चुरचुरवत हसला. चौसष्ट वर्षांनी हार्टमुटने ते हसू ओळखलं, एखादा वास ओळखावा तसं. ते याच भिंतींत राहिलं होतं आणि त्याला कधी कोणी रंधा मारला नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याच्या स्वतःच्या तोंडावरही, सवयीने, कसंनुसं स्मित आलं होतं. ते त्याला जाणवलं आणि काढून टाकता येईना.

“धन्यवाद, श्री. ब्रेंडेल,” नगराध्यक्षा बाई म्हणाल्या. “हे फारच हृदयस्पर्शी होतं. आता आपण पुन्हा शौचालयांकडे वळूया.”

घरी पोचताच गेर्डाने कोट काढून खुंटीला लावला, केटली ठेवली, आणि पाठमोरी म्हणाली, “बाबांनी दिला नव्हता, हे तू सगळ्यांना का सांगितलंस? बाबांनी दिला असं म्हणत कोण होतं?”

तो आतल्या खोलीत गेला आणि शेवाळांचं पुस्तक घेऊन आला. पत्र तिच्यापुढे ठेवलं. गेर्डाने चष्मा लावून ते सावकाश वाचलं, मग वरची तारीख वाचली.

“त्या दिवशी त्यांनी काळा कोट घातला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं कोणाच्या तरी अंत्यविधीला निघालेत. मी दहा वर्षांची होते. परत आल्यावर जेवले नाहीत.” तिने पत्र घडीवर घडी घालून ठेवलं. “अठ्ठावीस वर्षं, हार्टमुट. ही बाई अठ्ठावीस वर्षं बाबांच्या बादलीकडे संशयाने बघतेय. आणि तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“गावासमोर सांगितलंस म्हणून तुला हलकं वाटतंय का?”

“नाही.”

“वाटूही नये. गावाने कुठे विचारलं होतं? हिने विचारलं होतं.” तिने आपली ताटली उचलली. “आज तुझ्यासमोर बसून घास उतरायचा नाही मला. मी आत जेवते.”

सकाळी उजाडल्यावर तो टेबलाशी बसला. पहिल्या कागदावर त्याने लिहिलं, ‘मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो.’ वाक्य बघितलं आणि त्यात त्याला डीटमारचा आवाज ऐकू आला. कागद फाडला. दुसऱ्यावर वाचनालयाबद्दल, आजारपणाबद्दल, उशीर का झाला याबद्दल पाऊण पान झालं; तेही फाडलं. तिसऱ्यावर वाक्यं सुंदर झाली होती. त्या सुंदर वाक्यांचीच त्याला सर्वांत जास्त शिसारी आली. शेवटी साडेनऊला जे उरलं ते एवढंच होतं:

‘आदरणीय श्रीमती कालूझा, डबा मी आणला. किल्ली खिळ्यावरून मी काढली. तिसरा खांब मीच सांगितला. माझ्या वडिलांनी काही दिलं नाही. त्यांनी फक्त जमीन पुसली आणि माझ्याऐवजी तुमच्याकडे आले. बादली खरी होती. ३१ व्या पानावरचं वाक्य खोटं आहे, तेही माझंच. हे मला १९८७ साली लिहायचं होतं. तेव्हा मला तुमच्यापेक्षा माझी काळजी जास्त होती. हार्टमुट ब्रेंडेल.’

ती हयात आहे की नाही त्याला माहीत नव्हतं. तिने पुढे लग्न केलं असेल, घर बदललं असेल. पत्रावरचा जुना पत्ताच त्याने पाकिटावर उतरवला, आणि मागे आपला पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला. परत आलं, तर परत आलेलं तरी कळेल. गेर्डा दारात येऊन बघत होती. तिने कपाटातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

सर्वांत जवळची टपालपेटी हॉलसमोर होती. सभेत काय ठरलं याच्याशी जिल्ह्याला काही देणंघेणं नव्हतं. सकाळीच ट्रक आला होता. दार सताड उघडं होतं. कामगार आधी नमद्याच्या पट्ट्या आणि त्यावर प्लायवूडचे तक्ते अंथरत होते. घडीच्या खाटा भिंतीशी रचलेल्या दिसत होत्या. डीटमार कोटाच्या खिशात हात घालून उंबऱ्यावर उभा होता आणि एका कामगारावर ओरडत होता, “बूट! अहो, बूट पुसा आधी!” हार्टमुटला बघून त्याने हाक मारली, “काय हार्टी, झोप लागली का?”

हार्टमुट पुढे चालत राहिला. तक्ते तिसऱ्या खांबाच्या पुढे गेले होते. तो पिवळ्या पेटीजवळ गेला. टपाल उचलायची साडेदहाची वेळ व्हायला सहा मिनिटं होती. पेटीचं झाकण त्याने डाव्या हाताने वर धरलं, पाकीट उलटसुलट करून तिकीट नीट चिकटलंय ना बघितलं, अजून एकदा बघितलं, आणि मग ते आत टाकलं. आत ते दुसऱ्या पत्रांवर पडल्याचा आवाज आला.